नाणे खरे, चांदी खरी, प्रत खोटी

जुनी ब्रिटिश चांदीची नाणी जमवणाऱ्याला सर्वांत मोठी धास्ती असते ती बनावट नाण्याची, आणि त्या धास्तीपोटी आम्ही मंडळी भिंग, लोहचुंबक, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असा सगळा सरंजाम जवळ बाळगतो. माझी फसवणूक ज्या नाण्यात झाली ते नाणे मात्र अस्सल होते. १८४५ साली लंडनच्या टाकसाळीत पडलेला, व्हिक्टोरिया राणीचा तरुणपणीचा मुखवटा असलेला तो क्राउन, म्हणजे पाच शिलिंगांचे मोठे नाणे, होता. त्याची चांदी ठरलेल्या ९२५ कसाचीच होती आणि वजनातही काही खोट नव्हती. त्यासाठी मी ९५० पौंड मोजले आणि त्याची खरी किंमत निघाली सव्वाशे पौंडांच्या आसपास. मधले सव्वाआठशे पौंड ज्या एका गोष्टीपायी गेले, ती गोष्ट मी सात महिने डोळ्यांसमोर असूनही पाहिली नव्हती.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली १९ वर्षे लेस्टरमध्ये राहतो. नाण्यांचे वेड लागले ते आजीच्या पितळी डब्यातल्या राणीछाप रुपयांमुळे. त्या डब्यात ईस्ट इंडिया कंपनीचा १८४० चा एक रुपया होता, आणि त्यावरचा राणीचा मुखवटा विल्यम वायन या कोरीवकाराचा आहे हे मला इंग्लंडमध्ये आल्यावर कळले. याच वायनने ब्रिटिश नाण्यांवरचा तरुण राणीचा मुखवटाही घडवला होता. साहजिकच व्हिक्टोरियाच्या क्राउनचे चारही प्रकार आपल्या संग्रही असावेत असे मी ठरवले. १८८७ पासूनचा ज्युबिली मुखवट्याचा क्राउन आणि १८९३ पासूनचा वृद्ध राणीचा क्राउन सहज मिळाले. अवघी ८,००० नाणी पाडलेला १८४७ चा गॉथिक क्राउन माझ्या ऐपतीबाहेरचा असल्यामुळे तो मी मनातून काढून टाकला होता. राहिला तरुण मुखवट्याचा क्राउन. चलनासाठी तो फक्त १८४४, १८४५ आणि १८४७ या तीन वर्षी निघाला. १८४५ ची नाणी सुमारे १ लाख ५९ हजार पाडली गेली, म्हणजे झिजलेले नाणे मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते न झिजलेले मिळणे.

पुढचे सगळे त्या ‘न झिजलेले’ या शब्दाभोवतीच घडल्यामुळे प्रतवारीबद्दल थोडे सांगणे भाग आहे. ब्रिटिश पद्धतीत ‘फाइन’ म्हणजे छान नव्हे. फाइन म्हणजे केसांचे बारकावे पुष्कळसे गेलेले, बऱ्यापैकी वापरलेले नाणे. त्याच्यावर ‘व्हेरी फाइन’, त्याच्यावर ‘एक्स्ट्रीमली फाइन’, म्हणजे अगदी उंच भागांवर पुसटशी झीज असलेले, आणि त्याच्याही वर ‘अनसर्क्युलेटेड’. अमेरिकन पद्धत ७० अंकांची आहे आणि तिच्यातली नावे अधिक उदार आहेत, त्यामुळे एकाच नाण्याला दोन्हीकडे वेगळी विशेषणे लागतात आणि विक्रेता सोयीचे ते उचलतो. तरुण मुखवट्याच्या क्राउनमध्ये एक पायरी वर चढली की किंमत दुप्पट नव्हे, कित्येकदा चौपट होते. जिथे एका विशेषणाला शेकडो पौंडांचे मोल आहे, तिथे बनावट नाणे पाडण्याची जोखीम कोण कशाला घेईल? अस्सल नाण्याचे विशेषण बदलले की काम भागते.

मध्य इंग्लंडातल्या एका नाणेमेळ्यात, मला हा क्राउन ज्याने विकला त्या विक्रेत्याशी माझी ओळख झाली. साठीच्या घरातला, हळू बोलणारा, गिऱ्हाइकाला खुर्ची देणारा माणूस. पहिल्या वर्षभरात मी त्याच्याकडून एक शिलिंग आणि दोन हाफ क्राउन घेतले; तिन्ही नाणी त्याने सांगितली त्याच प्रतीची निघाली, एकाची प्रत तर त्याने स्वतःहून अर्ध्या पायरीने कमी सांगितली होती. आता मागे वळून पाहताना वाटते की तो अर्धी पायरी मला आगाऊ उसनी देत होता. त्या वेळी मात्र मी घरी येऊन पत्नीला त्या माणसाच्या सचोटीबद्दल कौतुकाने सांगितले होते.

नोव्हेंबरच्या मेळ्यात त्याने टेबलाखालून एक डबी काढली. ‘तुमच्यासाठी बाजूला ठेवले होते,’ असे तो म्हणाला. क्राउन एका गोल पारदर्शक कॅप्सूलमध्ये होता आणि त्याच्याभोवती काळ्या फोमचे गोल अस्तर होते. अशी कॅप्सूल सर्रास मिळते. एकाच मापाच्या कॅप्सूलमध्ये लहानमोठी नाणी घट्ट बसावीत म्हणून फोम असतो, त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. नाण्यावर निळसर करडी, कडेला किंचित सोनेरी झाक होती, जशी जुन्या चांदीवर कित्येक वर्षांत येते. प्रत एक्स्ट्रीमली फाइन असल्याचे त्याने दोनदा सांगितले. कॅप्सूल उघडता का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला की झाकण घट्ट बसले आहे, जोर लावताना नाणे निसटले तर दोघांचेही नुकसान होईल. मी भिंगाने राणीच्या कानावरचे केस पाहिले, मागच्या बाजूच्या ढालीतले सिंह आणि वीणेच्या तारा पाहिल्या. झीज होती, पण रंगाच्या झाकेत ती नेमकी किती हे त्या सभागृहाच्या पिवळट दिव्यांखाली आणि ओरखडे पडलेल्या प्लास्टिकमधून कळण्याजोगे नव्हते. ते न कळणे मी नाण्याच्या बाजूने धरले.

कार्डाच्या यंत्राला तिथे सिग्नल मिळत नाही असे त्याने सांगितल्यामुळे मी फोनवरून थेट त्याच्या खात्यात पैसे भरले. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १०० पौंडांवरच्या खरेदीत १९७४ च्या ग्राहक पतकायद्यानुसार कार्ड देणाऱ्या बँकेवरही जबाबदारी आली असती. पावती त्याने हाताने लिहून दिली: ‘१८४५ व्हिक्टोरिया क्राउन, ९५० पौंड.’ प्रतीचा उल्लेख नव्हता. ते माझ्या लक्षात आले होते; पण वर्षभराच्या ओळखीच्या माणसाला ‘प्रतही लिहा’ असे म्हणणे मला असभ्यपणाचे वाटले. मराठी माणसाच्या भिडेला एवढी किंमत पडू शकते हे मला ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर मी माझ्या परीने खातरजमा केली, आणि आज त्याचेच हसू येते. त्याच मापाची रिकामी कॅप्सूल फोमसकट आणून तिचे वजन केले, ते नाण्यासकटच्या वजनातून वजा केले आणि नाणे २७.९ ग्रॅमचे भरले. नव्या क्राउनचे वजन २८.२८ ग्रॅम असते, तेव्हा पावणेदोनशे वर्षांच्या नाण्यात एवढी घट ठीकच होती. लोहचुंबकाने ओढले नाही. व्यास बरोबर, अक्षरांची ठेवण बरोबर. नाणे खणखणीत आहे असे समाधान मानून मी ते कपाटात ठेवले. जे प्रश्न मी विचारत होतो त्यांची सगळी उत्तरे खरी येत होती, कारण मी ‘हे नाणे खरे आहे का’ एवढेच विचारत होतो आणि ते खरे होतेच.

जूनमध्ये आई साताऱ्याहून आली. एका दुपारी मी तिला संग्रह दाखवत होतो. क्राउन दाखवताना तिने सरळ दोन्ही अंगठ्यांनी झाकण उचकटले आणि ते एका झटक्यात निघाले. घट्ट वगैरे काही नव्हते. तिने नाणे बोटांत धरून कडेने फिरवले, खिडकीकडे नेले आणि म्हणाली, ‘अरे, याला कडी होती. आजीच्या माळेतल्या रुपयांना होती ना, तशी. काढून घासलंय इथं.’

आजीच्या माळेतल्या काही रुपयांच्या कड्या सोनाराकडून काढून घेतल्याचे तिने लहानपणी पाहिले होते, म्हणून तिची नजर आधी कडेवर गेली. माझी कधी गेलीच नव्हती, कारण कड फोमच्या आत होती. क्राउनच्या कडेवर उठावाची लॅटिन अक्षरे असतात, ‘डेकस एट टुटामेन’, म्हणजे ‘शोभा आणि संरक्षण’, आणि पुढे राजवटीचे वर्ष; १८४५ च्या नाण्यावर ते आठवे आहे. लोक नाण्याची कड कातरून चांदी चोरत, त्याला आळा बसावा म्हणून दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून, १६६२ च्या क्राउनपासून, ही अक्षरे घालण्यात आली. माझ्या नाण्यात राणीच्या डोक्याच्या बरोबर वर, कडेवरची तीन अक्षरे सपाट झाली होती. तिथला धातू आजूबाजूपेक्षा किंचित पांढुरका होता आणि भिंगाखाली कानशीचे आडवे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

पुढच्या महिन्यात मी ते एका लिलावगृहाच्या तज्ज्ञाला दाखवले. त्यांनी ते एकाच दिव्याखाली धरून हळूहळू तिरके केले आणि मलाही पाहायला लावले. टाकसाळीतून निघालेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेने सरकल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात, आणि म्हणून नाणे तिरके केले की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. न झिजलेल्या भागात जुन्या रंगाच्या झाकेखालूनही तो फिरताना दिसतो. माझ्या नाण्यावर प्रकाश फिरत नव्हता. तो एका जागी मठ्ठ बसून होता. नाणे दागिना म्हणून वापरात असताना पॉलिश झाले होते, कडी काढल्यावर पुन्हा घासले गेले होते आणि ती उघडीवाघडी चकाकी लपवण्यासाठी गंधकाच्या संयुगाने त्यावर रंग चढवला होता. खरा रंग खाचांमध्ये आणि सपाटीवर वेगवेगळ्या गतीने धरतो. हा मात्र घासल्याच्या बारीक रेषांच्या वरून सगळीकडे सारखा पसरला होता. त्यांचा निष्कर्ष असा होता की झीज जेमतेम व्हेरी फाइनपर्यंतची, पण कडी काढलेले, घासलेले आणि कृत्रिम रंग दिलेले असल्याने त्याला प्रतच देता येत नाही. व्हिक्टोरियाच्या काळात क्राउनचे लॉकेट किंवा ब्रोच करून घालण्याची फॅशन होती, त्यामुळे अशी नाणी काही कमी नाहीत, हेही त्यांनी सांगितले.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह पत्र लिहिले. त्याचे उत्तर सौजन्याने ओथंबलेले होते. एक्स्ट्रीमली फाइन हे त्याचे वैयक्तिक मत होते, विक्रीचे वर्णन नव्हते. नाणे मी स्वतः भिंगाने तपासून घेतले होते. आणि सात महिन्यांत माझ्याकडे असताना नाण्याचे काय झाले हे त्याने कसे सांगावे? हे शेवटचे वाक्य वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कायद्याच्या दृष्टीने नेमके तेच वाक्य जड होते. समोरासमोर घेतलेल्या वस्तूला ऑनलाइन खरेदीसारखी १४ दिवसांत परत करण्याची मुभा नसते. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांच्या आत थेट नाकारता येते. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो. सहा महिने उलटले की तो भार आपल्यावर येतो. कृत्रिम रंग माझ्या कपाटात चढला नाही हे मी कदाचित तज्ज्ञाच्या मदतीने सिद्ध केलेही असते, पण जी प्रत कागदावरच नाही ती त्याने सांगितली होती हे कशाने सिद्ध करणार होतो? नाणेविक्रेत्यांच्या ब्रिटिश संघटनेची सभासदांसाठी आचारसंहिता आहे आणि सभासदांची यादी कोणालाही पाहता येते. मेळ्यात टेबल आहे म्हणजे हा सभासद असणारच असे मी गृहीत धरले होते. यादीत त्याचे नाव नव्हते.

छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जाण्याची धमकी दिल्यावर त्याने २०० पौंडांची ‘सदिच्छा म्हणून’ भरपाई देऊ केली. त्यासाठी नाणे परत द्यावे लागणार होते. मी नाकारले. हे नाणे पुन्हा त्याच्या हाती पडले असते तर नवा फोम आणि नवी कॅप्सूल मिळून पुढच्या मेळ्यात ते टेबलाखाली ‘कोणासाठी तरी बाजूला ठेवलेले’ असते, याची मला खात्री होती. लिलावगृहाने सगळे दोष छापून ते विकायची तयारी दाखवली होती; पण छापलेले वर्णन एका विक्रीपुरतेच नाण्यासोबत राहते, म्हणून तेही मी केले नाही.

आता मी कॅप्सूलमधले नाणे बाहेर काढू न देणाऱ्याकडून काही घेत नाही, आणि प्रत पावतीवर लिहून मागताना भीड बाळगत नाही. परवा एका सभ्य विक्रेत्याने त्यावर प्रतीबरोबर ‘कड पाहिली’ असेही आपणहून लिहून दिले. तो क्राउन माझ्या ट्रेमध्ये फोमशिवाय उघडा आहे, सपाट झालेली कड वरच्या बाजूला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: १८४५, कडी काढलेली, घासलेले, रंग कृत्रिम, प्रत नाही, ९५० पौंड. ‘कोणी ओळखले’ असा रकाना आमच्या चिठ्ठीत नसतो. तो मी हाताने आखला आणि त्यात आईचे नाव घातले.