पेशींना चुंबक लावायचं की कॉइल? जळगाव-धुळ्याकडे एमएस्सीचा प्रोजेक्ट निवडताना

टायटॅनियमच्या तुकड्यावर हाडाच्या पेशी वाढवून मॅग्नेटिक फील्डने त्या जास्त घट्ट चिकटतात का हे बघायचं असेल तर एकतर पेशींच्या प्लेटखाली नियोडिमियमचं चुंबक ठेवा, नाहीतर कॉइलमधून करंटच्या पल्स सोडा, म्हणजे पीईएमएफ (पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड).

नाव पीईएमएफचंच मोठं. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अमेरिकेच्या एफडीएने १९७९ मध्येच त्याला मान्यता दिलीय. बदलत्या फील्डमुळे पेशींभोवती बारीक करंट तयार होतो, त्यामुळे एक-दोन मिलिटेस्लावरही (टेस्ला हे फील्डच्या ताकदीचं एकक) काम चालतं. पण कॉइल तापते भो, आणि खरी गोची तिथंच आहे! साध्या इन्क्युबेटरला कूलिंग नसतं, तो फक्त तापवतो, आणि मे महिन्यात भुसावळकडे बाहेर ४४-४५ डिग्री असताना लॅबचा एसी बंद पडला की ३७ वर टिकणंच मुश्किल, त्यात कॉइलची उष्णता आली की पेशी पसरल्या त्या फील्डने की गरमीने हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून कंट्रोललाही, म्हणजे तुलनेसाठी फील्डशिवाय ठेवलेल्या पेशींनाही, कॉइल हवीच, फक्त तिची तार दुहेरी गुंडाळायची, म्हणजे करंट उलटसुलट वाहून फील्ड कटतं आणि उष्णता तेवढीच राहते.

चुंबक तापत नाही, लाइट गेली तरी फील्ड तसंच. अगदी चिकटून ०.३ ते ०.५ टेस्ला मिळतं, पण प्लेटच्या तळापर्यंत बरंच घटतं, त्यामुळे पेशी असतात त्या उंचीवर गॉसमीटरने मोजा, मधे आणि कडेला दोन्हीकडे. चुंबक ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करू नका, साध्या ग्रेडचं चुंबक ८० डिग्रीच्या वर गेलं की ताकद घालवतं आणि तिथं १२१ असतात, ७० टक्के अल्कोहोलने पुसा. पेशी एका रेषेत लागतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका, तसं ८ टेस्लासारख्या फील्डमध्ये दिसलंय.

चुंबक कधी लावता हेही महत्त्वाचं. पृष्ठभागावर आधी सीरममधली फायब्रोनेक्टिनसारखी प्रोटीन्स बसतात, मग पेशी इंटेग्रिनने (पेशीवरच्या पकड घेणाऱ्या प्रोटीन्सनी) त्यांना धरतात, म्हणजे पहिल्या मिनिटापासून लावलं तर चिकटण्याबद्दल कळेल, २४ तासांनी लावलं तर पुढच्या वाढीबद्दल.

आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण घातलेला स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी वाढवायचा सच्छिद्र सांगाडा, हा तिसरा पर्याय, पण लोहाचा स्वतःचा परिणाम वेगळा काढावा लागतो, एमएस्सीला नकोच.

मी चुंबकच घ्यायला सांगेन. कॉइल घ्यायची तर एसीला बॅकअप आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला मित्र, दोन्ही पाहिजेत, आणि प्रयोग डिसेंबर-जानेवारीत उरकायचे.