रस्त्याचं वळण डेटाबेसमध्ये कसं ठेवावं: सरळ तुकडे, वर्तुळकंस की बेझिए?

सोलापुरात नकाशाचं काम हाती घेतलं, मग ते घंटागाडीच्या मार्गांचं असो, टँकरच्या फेऱ्यांचं असो की कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, की चार दिवसांत हा प्रश्न येतोच. जुळे सोलापुरातले आखीव रस्ते दोन-चार बिंदूंत बसतात. पण सिद्धेश्वर तलावाच्या कडेचा रस्ता किंवा तुळजापूरच्या घाटातली वळणं आली की बिंदूंची रांग लागते आणि कुणीतरी विचारतं, ‘एवढे बिंदू कशाला? थेट कर्व्हच साठवू की!’

ऐकायला पटतं. पण आकडेमोड करून बघितली तर चित्र वेगळं दिसतं.

एक वळण घेऊ. त्रिज्या 100 मीटर, रस्ता उत्तरेकडे जाता जाता काटकोनात पूर्वेला वळतो. वळणाची लांबी 157 मीटर. नकाशातली रेघ खऱ्या रस्त्यापासून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त सरकू नये, एवढीच अट. जीवा आणि कंस यांच्यातलं अंतर साधारण जीवेचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या इतकं असतं. म्हणजे 20 मीटरची एकेक जीवा पुरते. 8 तुकडे, 9 बिंदू, आणि प्रत्यक्ष चूक 48 सेंटीमीटर. लांबीतला फरक तर 25 सेंटीमीटरच पडतो, डिझेलच्या हिशेबात तो शोधूनही सापडायचा नाही. हे गणित वर्गमुळाचं आहे हे ध्यानात ठेवा: अचूकता चौपट हवी असेल तर बिंदू दुप्पटच लागतात. ‘जास्त अचूक म्हणजे डेटाबेस फुगणार’ ही भीती बरीचशी पोकळ आहे.

आता हे 9 बिंदू साठवायचे कसे? डब्ल्यूकेबी या भूमिती साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक बिंदूला 16 बाइट लागतात, म्हणजे 144. हाच आकडा बघून लोक कर्व्हकडे वळतात. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये सर्क्युलरस्ट्रिंग हा कंसाचा प्रकार आहेच. सुरुवात, मधला आणि शेवट असे तीनच बिंदू, 48 बाइट. एका फटक्यात दोन तृतीयांश जागा वाचली!

पण थांबा, 144 मधला बराचसा भाग वळणाचा नाहीच, तो आकडे लिहायच्या सवयीचा आहे. अक्षांश-रेखांश अंशांच्या सात दशांश स्थळांपर्यंत धरून पूर्णांकात बदलले तर ते 32 बिटांत बसतात, कारण 180 अंशांचेही 180 कोटीच होतात आणि 32 बिटांची मर्यादा 214 कोटींच्या वर आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातही सातच दशांश स्थळं ठेवतात. सोलापूरच्या अक्षांशावर सातवं स्थळ म्हणजे जेमतेम 1 सेंटीमीटर. झाले 72 बाइट. पुढची पायरी डेल्टाची: पहिला बिंदू पूर्ण लिहायचा आणि पुढच्या प्रत्येकाचा मागच्या बिंदूपासूनचा फरक तेवढा लिहायचा. वाट विचारणाऱ्याला आपण प्रत्येक वळणाला रेल्वे स्टेशनपासून पत्ता सांगत नाही, ‘इथून पुढं एवढं, मग उजवीकडं’ म्हणतो, तसंच हे. 20 मीटरचा फरक सात स्थळांत धरला तरी दोन हजारांच्या आतच राहतो आणि लहान आकड्याला कमी बाइट देणाऱ्या व्हॅरिंट पद्धतीत 2 बाइटमध्ये मावतो. पहिल्या बिंदूचे 8 आणि उरलेल्या आठांचे प्रत्येकी 4, एकूण 40 बाइट.

म्हणजे डेल्टातले 9 बिंदू हे साध्या पद्धतीने लिहिलेल्या कंसाच्या 3 बिंदूंपेक्षा लहान भरले. कंसालाही डेल्टा लावला तर तो 16 बाइटवर येतो, हे कबूल. पण 144 वरून 40 वर येताना काहीच तोडफोड करावी लागली नाही. 40 वरून 16 वर येताना मात्र बरंच काही सोडावं लागतं.

काय सोडावं लागतं? एक तर जिओजेसन आणि शेपफाइल या नकाशाच्या नेहमीच्या फाइल-प्रकारांत कंस हा प्रकारच नाही. दिलेला कंस बाहेर पडताना पुन्हा तुकड्यांत मोडावा लागतो. पोस्टजीआयएसची पुष्कळ गणितं ज्या जिऑस लायब्ररीवर चालतात, तिचं कामही मुळात सरळ रेषांचं. दुसरी अडचण लवकर लक्षात येत नाही. सोलापूरला रेखांशाचा एक अंश सुमारे 106 किलोमीटर, तर अक्षांशाचा 110 किलोमीटरच्या वर. अंशांच्या आकड्यांवर काढलेलं वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहत नाही, दबतं. कंस ठेवायचाच तर आधी सगळं मीटरमध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात न्यायला हवं. तिसरी अडचण रोजची आहे. वळणावर नवी गल्ली येऊन मिळाली तर तुकड्यांच्या रेषेत एक बिंदू घुसवला की भागतं. कंस मात्र मोडून दोन करावे लागतात आणि प्रत्येकाचा मधला बिंदू नव्याने काढावा लागतो. हद्दवाढीच्या भागात हे सारखं होणार.

बेझिए म्हणजे मोजक्या नियंत्रक बिंदूंनी आकार ठरवलेली गुळगुळीत वक्ररेषा. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. काटकोनी कंस एका घन बेझिएत बसवला तर चूक त्रिज्येच्या 0.027 टक्के, आपल्या वळणावर 3 सेंटीमीटरही नाही. पडद्यावर काढायला त्याच्यासारखं काही नाही. पण त्याच्या लांबीचं सरळ सूत्र नाही, आणि गाडीचं जीपीएस रेषेवर बसवायला सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा तर पाचव्या घाताचं समीकरण सोडवत बसावं लागतं. हजारो गाड्यांच्या नोंदींवर ते कोण करणार? पोस्टर, पर्यटन नकाशा, वेबसाइटचं सजवलेलं चित्र असेल तर खुशाल वापरा. रस्त्यांच्या मूळ तक्त्यात नको.

डेल्टाचेही तोटे आहेत. मधलाच बिंदू हवा असला तरी सुरुवातीपासून मोजत यावं लागतं, आणि एक बाइट बिघडला की पुढची सगळी रेघ सरकते. एक चूक तर नवे लोक हमखास करतात: आधी फरक काढतात आणि मग तो फरक पूर्णांकात आणतात. तसं केलं की प्रत्येक पायरीची चूक साठत जाते. आधी बिंदू पूर्णांकात आणा, मग वजाबाकी करा. पोस्टजीआयएसचा टीडब्ल्यूकेबी हा साठवणुकीचा प्रकार हे सगळं बिनबोभाट करून देतो, स्वतः कोड लिहायची हौस नसेल तर तोच घ्या. शोधाचा इंडेक्स मात्र साध्या भूमितीवरच चालू द्या. डेल्टा हा साठवणुकीचा आणि पाठवणुकीचा गठ्ठा आहे.

दशांश स्थळांत काटकसर करायचा मोह होईल. पाचच ठेवली तर आपलं वळण 24 बाइटमध्ये येतं. सहा ठेवली तर 36, सात ठेवली तर 40. सहा आणि सातमधली ती 4 बाइटची बचत मी तरी करणार नाही. आणि पाच स्थळांची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते. पाचवं स्थळ म्हणजे सुमारे 1 मीटर, त्यामुळे बिंदू अर्धा मीटर इकडेतिकडे होतो. 20-20 मीटरवर तीन बिंदू आहेत, रस्ता सरळ आहे आणि मधला बिंदू अर्धा मीटर सरकला, तर त्या तिघांतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या 400 मीटर येते. हैदराबाद रोडवर गाडी सरळ चालली असताना तुमचं सॉफ्टवेअर ‘पुढे वळण आहे’ म्हणायला लागेल.

इथेच कंसवाल्यांची बाजू खरी ठरते. वेगाची सूचना द्यायची, चालकाला मदत करणारी यंत्रणा चाचणीला लावायची, तर वक्रता हीच मुख्य माहिती असते आणि ती तुकड्यांतून उकरून काढणं हा त्रासच. म्हणून गाड्यांच्या सिम्युलेशनसाठी रस्ते लिहायच्या ओपनड्राइव्हसारख्या मानकात रेषा, कंस आणि स्पायरल (वक्रता हळूहळू बदलत जाणारी रेघ) हे मूळ घटक आहेत. महामार्ग आखतानाही सरळ रस्ता आणि कंस यांच्यामध्ये स्पायरलचा तुकडा घालतात, म्हणजे स्टिअरिंग हळूहळू वळतं. नुसते कंस जोडले तर वक्रता प्रत्येक सांध्यावर उडी मारते.

मोबाइलच्या जीपीएसने गोळा केलेल्या रेघांवर कंस बसवणं मात्र मला पटत नाही. मोकळ्या आकाशाखालीही तो साधारण 5 मीटरपर्यंत चुकतो, पेठेतल्या अरुंद गल्ल्यांत त्याहून जास्त. त्यातून काढलेली त्रिज्या दिसायला देखणी, पण तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

अशा रेघांना आधी बिंदू कमी करण्याची गरज असते. डग्लस-प्यूकर ही 1973 ची पद्धत अंतराची हमी देते: अर्धा मीटर म्हटलं तर अर्ध्या मीटरच्या आतच. विस्वलिंगम-व्हायट ही दुसरी पद्धत त्रिकोणाच्या क्षेत्रफळावर चालते, लहान प्रमाणाच्या नकाशात छान दिसते, पण तशी हमी देत नाही. रूटिंगला, म्हणजे गाडीचा मार्ग काढायला, पहिली घ्या, आणि तीही मीटरमध्ये चालवा, अंशांत नको. रेषेची टोकं ती शाबूत ठेवते. विजापूर रोडला मध्येच येऊन मिळणाऱ्या गल्लीचा सांधा मात्र उडवू शकते, आणि मग घंटागाडीला त्या गल्लीत शिरायला रस्ताच सापडत नाही. म्हणून आधी प्रत्येक चौकात आणि सांध्यावर रेषा तोडा, मग बिंदू गाळा.

मी शहरापुरतं काम करत असतो तर मूळ तक्ता सात स्थळांच्या सरळ तुकड्यांचा, न गाळलेला ठेवला असता, आणि त्यातून अर्ध्या मीटरच्या हमीची प्रत रूटिंगला दिली असती. वेबसाइटच्या टाइल्सना (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांना) याहून बारीक काही लागत नाही: झूम 14 ची टाइल सोलापूरला सुमारे 2.3 किलोमीटरची, तिच्या प्रत्येक बाजूचे 4096 भाग, म्हणजे एक भाग अर्ध्या मीटरहून थोडा मोठा. महामार्गाच्या एखाद्या टप्प्याचं आखणीचं मूळ रेखाटन हाती लागलं, तर त्यातले कंस आणि स्पायरल वेगळ्या तक्त्यात, रस्त्याच्या त्याच क्रमांकाला जोडून ठेवावेत. ते रेखाटन कुठल्या वर्षीचं आहे हे शेजारच्या रकान्यात लिहा, कारण रुंदीकरणात पहिल्यांदा बदलतात ती वळणंच.