राज्याचा सिंगल-पेयर की पब्लिक ऑप्शन? मत देण्याआधी

अमेरिकेत नागरिक झालेल्या मराठी मतदारांपुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कॅलिफोर्नियात तर हमखास. सगळ्या रहिवाशांचा वैद्यकीय खर्च राज्यानेच उचलायचा (सिंगल-पेयर), की खासगी विम्याच्या बाजारात सरकारी अटींवरची एक स्वस्त पॉलिसी आणायची (पब्लिक ऑप्शन)?

रुग्ण म्हणून विचाराल तर सिंगल-पेयर सरळसरळ उजवा. नोकरी गेली म्हणून विमा जात नाही, डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का हे शोधत बसावं लागत नाही. पब्लिक ऑप्शनचा आवाका त्या मानाने फारच छोटा. वॉशिंग्टन राज्यात तो 2021 पासून आहे, कोलोरॅडोत 2023 पासून, पण पॉलिसी विकतात खासगी कंपन्याच. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांना त्याचा उपयोग. कंपनीकडून विमा मिळणाऱ्यांना जवळपास शून्य. वॉशिंग्टनने हॉस्पिटल-डॉक्टरांना द्यायच्या दरांना मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्राचा विमा) दरांच्या 160 टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा बऱ्याच हॉस्पिटलांनी करारच केले नाहीत. शेवटी वेगळा कायदा करून त्यांना आत आणावं लागलं.

पैशाचं गणित मात्र उलटं. व्हरमाँटने 2011 मध्ये सिंगल-पेयरचा कायदा केला आणि कर किती लावायचा ते नंतरवर ढकललं. 2014 च्या डिसेंबरात आकडे आले: मालकांवर पगाराच्या 11.5 टक्के, शिवाय कुटुंबांवर उत्पन्नाच्या 9.5 टक्क्यांपर्यंत. गव्हर्नर पीटर शमलिन याच वचनावर निवडून आले होते. त्यांनीच योजना गुंडाळली. कोलोरॅडोत 2016 साली सिंगल-पेयरसाठी पगारावर 10 टक्के कराचा प्रस्ताव होता. जवळजवळ 80 टक्के मतदारांनी तो फेटाळला.

नुसता कराचा आकडा बघून घाबरणंही बरोबर नाही. 2024 मध्ये कंपनीमार्फतच्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम 25,572 डॉलर होता, त्यातले 6,296 कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले गेले. उरलेले कंपनी भरते म्हणजे फुकट नव्हेत; तेही आपल्या कामाचेच पैसे.

खरी अडचण केंद्राच्या कायद्यात आहे. 1974 च्या एरिसा कायद्यामुळे, ज्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा खर्च स्वतःच्या पैशातून भागवतात त्यांच्या योजनांना राज्य हात लावू शकत नाही, आणि कंपनीचा विमा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशाच योजनांत आहेत. मेडिकेअर आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) यांचा पैसा राज्याच्या तिजोरीत वळवायचा तर केंद्राची मेहरबानी हवी. सरकार बदललं की तीही बदलू शकते. त्यात मंदी आली तर कराचं उत्पन्न आटतं, आजारपणं आटत नाहीत.

समर्थक कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताचा दाखला देतात. 1962 मध्ये तिथे प्रांताने सिंगल-पेयर योजना आणली तेव्हा डॉक्टरांनी 23 दिवस संप केला, तरी योजना टिकली आणि 1972 पर्यंत देशभर पसरली. खरं आहे. पण 1966 च्या कायद्याने निम्म्या खर्चाचा भार केंद्राने उचलला होता, आणि एरिसासारखी भिंत तिथे नव्हती.

माझा कल तत्त्वतः सिंगल-पेयरकडे आहे, तरी आजच्या घडीला राज्यापुरतं मी पब्लिक ऑप्शनला मत देईन. कॅलिफोर्नियात 2017 चं विधेयक पैशाची तरतूद न करताच सिनेटमध्ये मंजूर झालं आणि असेंब्लीत अडलं. 2022 चं तर मतदानालाही आलं नाही. पुढचं विधेयक आलं की आधी कराचं कलम उघडा. ते ‘नंतर ठरवू’ म्हणत असेल, तर माझं मत विरोधात.