तीन दिवसांत सिक्युरिटी गार्ड? सोलापूरकरांनो, पैसे भरण्याआधी वाचा

अशोक चौक, अक्कलकोट रोड, विडी घरकुल, कुठल्याही खांबावर बघा, चिठ्ठी चिकटवलेली दिसेल. 'विमानतळ, बँक, हॉस्पिटलसाठी गार्ड पाहिजेत. पगार २२ हजार, राहणे-जेवण फ्री.' होटगी रोडवरून विमानं सुरू झाल्यापासून विमानतळाचं नाव काढलं की पोरं धावतात, हे चिठ्ठ्या लावणाऱ्यांनी बरोबर हेरलंय. टॉवेल कारखान्यातलं काम सुटल्यावर माझा भाचा असल्याच एका चिठ्ठीवरच्या ऑफिसात गेला आणि साडेदहा हजार घालवून बसला.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी फॉर्मचे पाचशे. मग ट्रेनिंगची फी, मग ड्रेस-बूट, मग 'पोलीस व्हेरिफिकेशन'. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो, आणि त्यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो. ट्रेनिंग म्हणजे सावधान-विश्राम, सॅल्यूट आणि आग विझवायचा मोबाईलवरचा व्हिडिओ. लाल सिलिंडर कुणाच्या हातातसुद्धा दिला नाही. तीन दिवसांत सर्टिफिकेट! त्यावर सिंहांची मुद्रा आणि 'गव्हर्नमेंट मान्यताप्राप्त'. कुठलं गव्हर्नमेंट, ते छापलेलं नाही.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. गार्डला ट्रेनिंग मिळेल हे बघायची जबाबदारी त्यात एजन्सीवर टाकलीय. नमुना नियमांत वर्गातले १०० तास आणि प्रत्यक्ष कामाचे ६० तास सांगितलेत, तेही कमीत कमी २० कामाच्या दिवसांत. फौजेतून रिटायर झालेल्या माणसालाही सात दिवस लागतात. आमचं पोरगं तिसऱ्या दिवशी तयार! पुरुषाची उंची १६० सेंटीमीटर, सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणं अशाही अटी आहेत. तिथं कुणी टेप काढली नाही की पळवलं नाही.

पुण्यात ज्या कंपनीच्या गेटवर पाठवलं, तिथल्या सुपरवायझरनं कागद बघून परत दिला; त्यांनी सोलापुरातून माणसं मागवलीच नव्हती. परत येईपर्यंत इथला फोन बंद, ऑफिसला कुलूप.

खरी मेख पावतीत निघाली. फी म्हणून घेतलेले पैसे पावतीवर 'ऐच्छिक देणगी, परत मिळणार नाही' असे लिहिलेत, तेही कुठल्यातरी भलत्याच संस्थेच्या नावानं. ही पावती घेऊन चौकीत गेलो तर पहिला प्रश्न हाच, 'देणगी तुम्हीच दिली ना?'

म्हणून फी भरण्याआधी एजन्सीचं पसारा लायसन्स, म्हणजे त्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना, बघायला मागा. कोणत्या जिल्ह्यासाठी आहे आणि मुदत कधी संपते, ते वाचा. पसाराच्या सरकारी पोर्टलवर नाव ताडून बघा. कौशल्य विकास योजनेचं नाव सांगत असतील तर लक्षात ठेवा, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत उमेदवाराकडून फी घेत नाहीत.

मोबाईलवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आणि असली 'देणगी'ची पावती घरात पडली असेल तर फाडू नका. चिठ्ठीचा फोटो, सर्टिफिकेट, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं सगळं जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आम्ही दिलीय. तुमचीही आली तर 'देणगी' देणारे इतके जण एकदम कसे निघाले, हे पोलिसांना विचारता येईल.