ज्युपिटर १२५ ला साईड व्हील : आठ महिने, ६,४०० किलोमीटर आणि पुढचं पेट्रोलचं झाकण

कुंभार्ली घाटात माझ्या ज्युपिटर १२५ स्कूटरच्या साईड व्हीलचा ब्रॅकेट तुटला तेव्हा ठरवलं होतं, घरी पोचलो की सगळं लिहून काढायचं. त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. दोन महिने थांबलो ते बरं झालं.

मला लहानपणीच पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा आहे, सोबत एक कुबडी. याआधी नऊ वर्षं जुनी ११० सीसीची स्कूटर साईड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं लावून चालवली. लोक असल्या गाडीला तीनचाकी म्हणतात. मोजली तर चाकं चार भरतात, पण नाव तेच पडलंय. नवी घेताना मला गावात फिरायला गाडी नको होती. कऱ्हाडहून निघून गुहागरला समुद्रावर स्वतः जायचं होतं, कुणाच्या कारमध्ये मागच्या सीटवर बसून नव्हे.

पॉवर, टॉर्क, किंमत सगळ्यांना माहीत आहे. मी गाडी घेतली ती पेट्रोलच्या झाकणासाठी, हे सरळ सांगतो. ज्युपिटर १२५ ची टाकी पायाखाली आहे आणि झाकण पुढे, हँडलच्या खाली. किल्ली फिरवली की उघडतं. ज्यांना दोन्ही पाय आहेत त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. जुन्या गाडीत झाकण सीटखाली होतं. म्हणजे पंपावर कुबडी काढायची, कॅलिपरचं लॉक लावायचं, उतरायचं, सांडलेल्या तेलावर कुबडी घसरणार नाही ना ते बघायचं, सीट उघडायची, आणि हे सगळं मागच्या रांगेतल्या हॉर्नच्या तालावर. नऊ वर्षांत दोनदा पडलोय मी पंपावर. नव्या गाडीत पहिल्यांदा पेट्रोल भरलं तेव्हा पोरगा सवयीनं म्हणाला, "काका, उतरा की." मी बसल्या जागी झाकण उघडलं. त्यानं नळी आत घातली, शून्य दाखवलं, तीनशेचं भरलं, मी पैसे दिले आणि निघालो. पुढे शंभर मीटरवर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसलो होतो.

टाकी खाली गेल्यामुळे सीटखाली ३३ लिटर जागा मिळाली. दोन दिवसांचे कपडे, रेनकोट, पंक्चरचं सामान आणि जादाचा कॅलिपरचा पट्टा आरामात मावतो.

आता साईड व्हीलच्या किटबद्दल. ₹१४,५०० ला बसवून घेतलं, कुबडीच्या क्लिपसकट. पहिले दोन महिने मी इतका वैतागलो होतो की दोघांना "हे किट घेऊच नका" म्हणून सांगून बसलो. कारण असं की इंजिनाचा जोर फक्त मधल्या चाकाला मिळतो, बाजूची दोन्ही नुसता भार घेतात. ती दोन्ही उंचवट्यावर आली आणि मधलं खड्ड्यात, की मधलं चाक अधांतरी गरगर फिरतं आणि गाडी ढिम्म हलत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराची फरशी खचलीय, तिथे रोज हेच. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून धक्का मागायचा.

ते मत मी आता मागे घेतो. आमच्या मेस्त्रींनी बाजूची चाकं दोन सूत वर उचलली आणि स्प्रिंगचे नट सैल केले. गाडी उभी असताना किंचित एका अंगाला बसते, पण मधलं चाक रस्ता धरून असतं. तो त्रास जवळपास संपला. किट बसवणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

ब्रॅकेटला मात्र माफी नाही. कोयनानगर सोडून घाट उतरताना डावीकडून कुईकुई आवाज यायला लागला. ही गाडी वळणात कलत नाही, त्यामुळे सगळा भार बाहेरच्या चाकावर जातो. आपण अंग आतल्या बाजूला टाकायचं आणि वेग वीस-पंचविसाच्या वर न्यायचा नाही. तरीही एका उजव्या वळणावर डावं चाक आत दुमडलं. वेल्डिंग सुटलं होतं, आतून पूर्ण गंजलेलं. किटवाल्याला फोन केला तर म्हणे, "वजन जास्त घातलं असणार." माझं वजन ६२ किलो आणि मागे एक सॅक! एका टेम्पोवाल्या दादांनी गाडी अलोऱ्यापर्यंत नेली. तिथल्या वेल्डरनं तिरकी पट्टी मारून दिली, ₹३५० घेतले. ती पट्टी आजही शाबूत आहे. किट बघायला जाल तेव्हा आधी खाली वाकून, किंवा कुणाला वाकायला लावून, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात अशी पट्टी आहे का बघा. नसेल तर पैसे देऊ नका.

बाकी झटपट सांगतो. ॲव्हरेज ३८ ते ४०. टायर ट्यूबलेस, पण बाजूच्या छोट्या चाकांत ट्यूब आहे, तेव्हा ती जवळ ठेवा. शहरातल्या एका सर्व्हिसिंगवाल्यानं "रॅम्पवर चढत नाही, चाकं काढून आणा" म्हणून परत पाठवलं. मेस्त्री जमिनीवर बसून सगळं करतात. आरसीवर अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल (अपंगासाठी बदल केलेली गाडी) अशी नोंद करून घेतलीच पाहिजे, चार चकरा झाल्या तरी चालतील, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनीशी भांडत बसाल.

एक उणीव राहतेच : रिव्हर्स. पाय टेकून गाडी मागे ढकलणं मला शक्य नाही. चेतक, एथर यांसारख्या इलेक्ट्रिक गाड्यांत रिव्हर्स आहे आणि मी ती बटणं दाबूनही पाहिली, मन फार ओढलं. पण घाटापलीकडे चार्जिंगच्या भरवशावर जायची हिंमत झाली नाही. त्यामुळे कुठेही गेलो तरी तोंड रस्त्याकडे करूनच गाडी लावतो. गुहागरला किनाऱ्याजवळ तशीच लावली होती, समुद्राकडे पाठ करून. मग सीटवरच उलटा वळून बसलो आणि अंधार पडेपर्यंत पाणी बघितलं.