सीट कापायची की लिंक टाकायची?

भुसावळची माझी भाची पाच फूट दोन इंच. यामाहाची आर१५ मोटरसायकल घेतली, पण सीट ८१५ मिमीवर. सिग्नलला जेमतेम चवडे टेकतात. "मामा, सीट कापू की लोअरिंग लिंक टाकू?" लोअरिंग लिंक म्हणजे मागच्या सस्पेन्शनमधली, गाडी खाली आणणारी लांब पट्टी.

खर्चात सीट स्वस्त. कुशनवाला काही शे रुपयांत फोम काढतो. फक्त उंची कमी करू नका, टाकीजवळच्या दोन्ही कडाही छाटून घ्या. मांड्या जवळ येतात आणि पाय सरळ खाली जातो. खरा फायदा तिथेच आहे. गाडीच्या हाताळणीला धक्का लागत नाही. फोम पातळ झाला की जळगाव-धुळे प्रवासात बूड दुखतं, हे मात्र खरं.

लिंकचं काम तेवढं सोपं नाही. लांब लिंकने मागची बाजू बसते. पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) क्लॅम्पमधून त्या हिशोबाने वर सरकवले नाहीत, तर गाडी वळायला जड होते. १७० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या पोटामधलं अंतर) घटतो, गावोगावचे गतिरोधक पोटाला घासतात. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि जरा धक्का लागला की उलट्या बाजूला कलंडते. स्टँड कापून घ्यावाच लागतो.

इंच-दीड इंच हवा असेल तर सीटच, तीही जुनी दुसरी सीट आणून. मूळची घरी ठेवा. फोम काढून, कडा छाटूनही पाय पोचत नसेल आणि गाडी गुळगुळीत रस्त्यावरच चालणार असेल, तरच लिंक. कन्नड घाट नेहमीचा असेल तर मी लिंकला हात लावणार नाही.

भाचीला सीटच सांगितली.