कर्वेनगरमधला ध्वनिमुद्रण स्टुडिओ: मिळून अल्बम करणाऱ्या बँडचा अनुभव

आमच्या पाच जणांच्या बँडमागे कोणतीही कंपनी नाही. चाल एकाची असली तरी ठेका, मधले संगीत आणि शेवट ठरेपर्यंत तिच्यावरून सगळ्यांचे हात फिरलेले असतात. म्हणूनच पहिल्या अल्बमसाठी पुण्यात स्टुडिओ शोधताना आम्ही सगळीकडे एकच प्रश्न विचारला, की पाचही जणांना एका खोलीत बसून वाजवता येईल का. बहुतेक ठिकाणी ‘आधी क्लिकवर ड्रम्स घेऊ, मग एकेकाने येऊन डब करा’ असे उत्तर मिळाले; म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर आधी ड्रम्स, मग त्यावर एकेकाचे वाद्य वेगळे मुद्रित करायचे. ती पद्धत चुकीची नाही, चुका दुरुस्त करायला उलट सोयीची आहे. पण आमचे गाणे एकमेकांकडे बघत वळणे घेते. कर्वेनगरमधल्या या तळघरातल्या स्टुडिओने आमचे म्हणणे मानले आणि जुलैतले सहा दिवस आम्ही तिथे काढले.

एका खोलीत वाजवायचे म्हणजे प्रत्येक माइकमध्ये शेजारचे वाद्य शिरणारच. माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर दुसरा माइक असावा, हा जुना नियम इथल्या ध्वनिमुद्रकाने टेपने मोजून पाळला. गिटारचा अँप्लिफायर शेजारच्या खोलीत गेला आणि तबल्याच्या तीन बाजूंना जाड गोधड्या टांगल्या गेल्या. चौथी बाजू बेस वाजवणाऱ्यासमोर उघडी राहिली, कारण त्या दोघांची नजरानजर होणे सर्वांत गरजेचे होते. टेक, म्हणजे गाण्याचे एक सलग मुद्रण, सुरू असताना आवाज नको म्हणून एसी बंद ठेवावा लागे आणि दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचे कातडे, सैल पडून तबल्याचा सूर उतरे. दर दोन टेकनंतर सूर चढवण्यासाठी गट्ट्यांवर, म्हणजे वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर, हातोडी चाले. तो वेळ स्टुडिओने हिशेबात धरला नाही, याचे मला फार मोल वाटते.

या जागेची खरी परीक्षा झाली ती सारंगीच्या दिवशी. इंडियन ओशन या बँडने २०१४ मधल्या ‘तंदानू’ या अल्बममध्ये शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन असे कलाकार गाण्यागणिक सोबत घेतले होते, आणि तेव्हापासून आम्हालाही असे काही करावेसे वाटत होते. मात्र तयार गाण्यावर पाहुण्याकडून चार सुरावटी वाजवून घेणे आम्हाला मान्य नव्हते. आमचे सारंगीवादक वयाने मोठे. तीसेक तरफा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा, सुरात लावण्यातच त्यांचा तासभर गेला, मग त्यांनी गाणे ऐकले आणि शांतपणे म्हणाले, “हे अर्ध्या सुराने खाली घ्या, सारंगीला श्वास घेता येईल.” म्हणजे आदल्या दिवशीचे पूर्ण झालेले मुद्रण बाजूला ठेवायचे! ध्वनिमुद्रकाने संगणकावर सूर उतरवून देतो असे न म्हणता माइक पुन्हा लावायला घेतले. अल्बममधले सर्वांत चांगले गाणे तेच झाले आहे.

रोज निघण्यापूर्वी कोणाची चाल, कोणाचे शब्द, कोणी काय सुचवले याची नोंद इथे एका वहीत करून घेतात. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीत, शब्द आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. मित्रांच्या बँडमध्ये हे बोलायला संकोच वाटतो, म्हणून ती वही मला माइकइतकीच मोलाची वाटली. सारंगीवादकांचे नावही त्याच दिवशी तीत लिहिले गेले.

उणीव एकच, पण मोठी आहे. हेडफोनसाठी वेगवेगळे मिक्स, म्हणजे कोणाचा आवाज किती मोठा ऐकू यावा याच्या जुळवण्या, दोनच मिळतात, त्यामुळे गायिकेला स्वतःचा आवाज वाढवून हवा असेल तर आणखी दोघांच्या कानांतही तोच वाढतो. पहिला दिवस जवळजवळ त्यातच गेला. चारपेक्षा अधिक जण एकत्र वाजवणार असाल, तर हेडफोनचा छोटा मिक्सर बरोबर न्यावा आणि तो जोडता येईल का, हे आगाऊ रक्कम देण्याआधीच विचारून घ्यावे.